फेडोरा पॅकेजमध्ये नामंजूर परवाना निघाला तर: पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

नाशिकला गंगापूर रोडवर राहणाऱ्या ओळखीतल्या एका मुलाने लासलगावचे कांद्याचे भाव दाखवणारं छोटं जावा अ‍ॅप केलं आणि ते फेडोरा या मुक्त लिनक्स प्रणालीत पॅकेज म्हणून द्यायचं ठरवलं. कोड त्याचा, परवाना एमआयटी, म्हणजे मुक्तच. पण सोबतच्या जुन्या जेसन लायब्ररीच्या (डेटा वाचणारा दुसऱ्याचा तयार कोड) परवान्यात एक ओळ होती: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नको. वाचायला सुविचार, पण वापरावर अट घातली की परवाना मुक्त राहत नाही. फेडोराच्या यादीत तो नामंजूर आहे. शिवाय फॉन्ट 'फक्त वैयक्तिक वापरासाठी'.

पात्रतेत फारसं काही नाही. फेडोराचं खातं, त्याच ईमेलवर बगझिला खातं (पॅकेज तपासणीचा, म्हणजे रिव्ह्यूचा अर्ज याच साइटवर 'बग' म्हणून भरतात), योगदानकर्ता करारावर ऑनलाइन संमती. पहिलंच पॅकेज असेल तर एक प्रायोजक, म्हणजे तुमची जबाबदारी घेणारा जुना फेडोरा पॅकेजकर्ता, शोधावा लागतो; खरा वेळ तिथेच जातो. फी नाही. आधार नको, सात-बारा तर नकोच.

कागदपत्रं म्हणजे स्पेक फाइल (पॅकेज कसं बनवायचं याची कृती), सोर्स पॅकेज (मूळ कोड आणि स्पेक एकत्र) आणि मूळ परवान्याच्या मजकुराच्या फाइली. स्पेकमध्ये परवान्याचं नाव एसपीडीएक्स या परवान्यांच्या प्रमाणित यादीतल्या खुणेनेच लिहायचं.

बहुतेक जण चुकतात ते यापुढे. नामंजूर परवान्याची फाइल बिल्डच्या वेळी (कोडपासून पॅकेज बनताना) डिलीट केली की झालं, असं वाटतं. होत नाही. फेडोरा सोर्स पॅकेजही वाटतं, म्हणजे ती फाइल लोकांपर्यंत गेलीच. ती टारबॉलमधूनच (मूळ कोडची एकत्र बांधलेली फाइल) काढायची आणि साफ केलेला टारबॉलच अपलोड करायचा. तो कसा बनवला याची छोटी स्क्रिप्ट सोबत द्यायची आणि स्पेकमध्ये कॉमेंट लिहायची. नवी आवृत्ती आली की हे सगळं पुन्हा.

परवाना यादीतच नसेल तर स्वतः निकाल लावू नका. फेडोराच्या परवाना-माहितीच्या गिटलॅब रेपोत इश्यू उघडा. परवान्याचा पूर्ण मजकूर, पॅकेजचं नाव आणि सोर्सची लिंक द्या. निर्णय येईपर्यंत रिव्ह्यूच्या बगला 'एफई-लीगल' या कायदेशीर तपासणीच्या खुणेचा अडसर लावून ठेवतात. उत्तर नुसतं हो किंवा नाही असं नसतं: सीसी-झिरो (सगळे हक्क सोडून देणारा परवाना) 2022 पासून नव्या कोडला चालत नाही, पण चित्रं किंवा मजकुराला चालतो.

मूळ लेखकाला परवाना बदलायची विनंतीही करता येते, मात्र ज्यांचा ज्यांचा कोड आत आहे त्या सगळ्यांची संमती लागते. दहा वर्षांपूर्वी एक पॅच (छोटी दुरुस्ती) देऊन गायब झालेला माणूस शोधणं म्हणजे काय, ते ज्याने केलं त्यालाच ठाऊक.

आमच्या मुलाचं मात्र सोपं निघालं. त्या लायब्ररीने 2022 मध्ये ती ओळ काढून कोड सार्वजनिक मालकीचा जाहीर केला होता, म्हणून नवी आवृत्ती घेतली. जुन्या फॉन्टच्या जागी ओएफएल या फॉन्टसाठीच्या मुक्त परवान्याचा फॉन्ट बसवला, आणि भावांच्या तक्त्यातले देवनागरी आकडे आता आधीपेक्षा नीट दिसतात.