शनिवारवाड्याभोवतीचे १०० मीटर : हा नियम आला कुठून

शनिवारवाड्याच्या आसपास कसबा, शनिवार किंवा बुधवार पेठेत जुना वाडा असला की बिल्डर पहिला प्रश्न हाच विचारतो, "शंभरच्या आत का बाहेर?" केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, त्यामुळे आत म्हटलं की विषय तिथंच संपतो. सध्या या भागातल्या परवानग्यांवरून जे वाद चाललेत ते समजायचे तर हे शंभर मीटर कसे आले ते बघावं लागतं.

शनिवारवाडा १७३२ ला बांधून झाला, १८२८ ला जळाला, हे सगळ्यांना पाठ आहे, सोडून देऊ. कागदोपत्री बघायचं तर इंग्रजांचा प्राचीन स्मारकांचा १९०४ चा कायदा, मग आपला १९५८ चा आणि त्याखालचे १९५९ चे नियम. स्मारकाजवळची जागा प्रतिबंधित किंवा नियंत्रित जाहीर करायची सोय या नियमांत होती, पण आधी नोटीस काढायची, महिनाभर हरकती ऐकायच्या आणि मग ठरवायचं अशी ती पद्धत. सरसकट आकडा कुठंच नव्हता. पेठांमध्ये तेव्हा अडचणी वेगळ्याच होत्या. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी गोठली, त्यामुळे मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरू जागा सोडेना, त्यात १२ जुलै १९६१ ला पानशेतचं पाणी आलं आणि नदीकाठच्या पेठांतले मातीचे वाडे बसले. पुढची तीस वर्षं त्या जागांवर सिमेंटच्या बिल्डिंगा उभ्या राहत गेल्या आणि कोणी हू का चू केलं नाही. त्यामुळे "ऐतिहासिक परिसर जपायचाय" असं कोणी म्हटलं की मला जरा हसूच येतं, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यासमोर उभं राहून चहूकडे बघा म्हणजे कळेल काय जपायचं राहिलंय ते.

मग आली १६ जून १९९२ ची अधिसूचना. केंद्राच्या यादीतल्या प्रत्येक स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्याच्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित. लोक इथं कायम घोळ घालतात, दोनशे मीटर स्मारकापासून मोजतात, ते शंभर संपल्यावर सुरू होतात, म्हणजे एकूण ३००. आणि मोजायचं ते संरक्षित हद्दीपासून. देशात अशी साडेतीन हजारांच्या वर स्मारकं आहेत, माळरानावरचं एकाकी देऊळ असो नाहीतर भर पेठेतला भुईकोट, टेप एकच. शंभरच का, ऐंशी किंवा दीडशे का नाही, याचं पटेल असं उत्तर आजवर मिळालेलं नाही.

तरी १९९२ नंतर फटी होत्या. विशेषतः २००६ पासून एक सल्लागार समिती शंभरच्या आतल्या अर्जांवरही शिफारस करायची आणि परवानगी मिळायची. २००९ मध्ये दिल्ली हायकोर्टानं या परवानग्या बेकायदा ठरवल्या. सरकारनं जानेवारी २०१० मध्ये वटहुकूम काढला आणि मार्चमध्ये कायदा दुरुस्त झाला. गंमत बघा, त्या समितीच्या शिफारशीवर दिलेल्या जुन्या परवानग्या याच दुरुस्तीनं वैध केल्या आणि पुढच्यांसाठी दार कायमचं लावलं, अगदी सरकारी कामांनासुद्धा. ज्यांनी आधी वशिला लावून काम उरकलं ते सुटले आणि जे नियम पाळत थांबले ते अडकले, असंच म्हणायचं.

आता खरी मेख. या २०१० च्या कायदादुरुस्तीत तीन वेगळ्या व्याख्या आहेत. बांधकाम म्हणजे नवीन उभारणी, त्यात वाढीव मजलेही आले. पुनर्बांधकाम म्हणजे जे होतं तेच, तेवढ्याच लांबी-रुंदी-उंचीत परत उभं करणं. आणि दुरुस्ती-नूतनीकरण म्हणजे आहे त्या इमारतीत फेरफार, पण वरच्या दोन्हीपैकी काही नाही. शंभरच्या आत, १६ जून १९९२ च्या आधीची इमारत असेल तर तिच्या मालकाला अर्ज करता येतो, तो फक्त या तिसऱ्या गोष्टीसाठी. पुनर्बांधकामाचा अर्ज करायची सोय नियंत्रित भागात आहे, प्रतिबंधित भागात नाही. म्हणजे वाडा उभा आहे तोवर दुरुस्त करा, पडला तर तेवढाच, तसाच, एक इंचही न वाढवता बांधतो म्हटलं तरी त्यासाठी रस्ता नाही. आणि लाकडी सांगाड्याच्या शंभर-दीडशे वर्षांच्या वाड्यात दुरुस्ती कुठं संपते? तुळया बदलल्या, एक भिंत उतरवून परत चढवली, जिना नवा केला, यातलं नूतनीकरण कुठवर आणि पुनर्बांधकाम कुठून ते शेवटी तपासायला येणारा माणूस ठरवतो. बरं, नियम मोडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड.

त्यात दर पावसाळ्याआधी मनपा धोकादायक वाड्यांची यादी काढते, नोटिसा लागतात, खाली करा नाहीतर उतरवा. उतरवला तर परत उभा राहणार नाही हे मालकालाही माहिती आणि भाडेकरूलाही, मग दोघंही नोटीस खिशात घालून बसतात.

नियंत्रित भागातल्यांचं त्या मानानं बरं चाललंय. अर्ज सक्षम अधिकाऱ्याकडे जातो, त्यानं १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणानं दोन महिन्यांत अभिप्राय द्यायचा आणि पुढच्या महिन्यात निर्णय, असं कायद्यात आहे. हे पत्र हातात आल्याशिवाय मनपा प्लॅन पास करत नाही, आणि मनपाची स्वतःची हेरिटेज यादी, तिच्या श्रेण्या हे प्रकरण वेगळंच. प्रत्येक स्मारकासाठी तिथली परिस्थिती बघून स्वतंत्र उपविधी करायचे हेही २०१० मध्येच ठरलं होतं, पण त्यानं नियंत्रित भागातल्या उंची-रचनेचा प्रश्न सुटेल, शंभरच्या आतली बंदी कायद्यातच बसलीय, ती उपविधीनं हलत नाही.

कायदा बदलायचा एक प्रयत्न झाला. जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेत विधेयक पास झालं, राज्यसभेत निवड समितीकडे गेलं आणि २०१९ ला लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं. पण त्यात सूट होती ती शंभरच्या आतल्या सार्वजनिक कामांना, रस्ते-पूल वगैरे, राहत्या वाड्यांबद्दल अवाक्षर नव्हतं. पुण्यात त्याच सुमारास आगाखान पॅलेसपाशी मेट्रोला हाच नियम आडवा आला, तेव्हा मार्गच कल्याणीनगरकडून वळवला. मेट्रोला वळायला कल्याणीनगर होतं. २०२३ मध्ये संसदेच्या एका समितीनंही या १००-३०० मीटरचा फेरविचार करा असं सुचवलं, कायद्यातला आकडा मात्र १९९२ चाच आहे.