कोल्हापूरचे रसायन-अर्थकारण

औद्योगिक रसायने, वायू आणि प्लास्टिक तयार करताना कच्चा माल, वीज, वाहतूक आणि जोडउत्पादने यांचा जो हिशेब घालावा लागतो, त्याचे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वरूप. जिल्ह्यात खनिज तेल नाही, बंदर नाही, तेलशुद्धीकरण कारखानाही नाही. आहे तो ऊस, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल भागातल्या फौंड्र्या, म्हणजे धातूच्या ओतकामाचे कारखाने, आणि इचलकरंजीचा कापडधंदा. त्यामुळे येथे रसायनाचा ताळेबंद दोन गोष्टींवर ठरतो : साखर काढून झाल्यावर काय उरते, आणि बाकीचा माल किती लांबून आणावा लागतो.

रसायनधंद्याचा एक जुना अनुभवसिद्ध नियम आहे. कारखान्याची क्षमता दुप्पट केली तर उभारणीचा खर्च दुप्पट होत नाही, साधारण दीडपटच होतो. टाकीचा पत्रा पृष्ठभागाप्रमाणे वाढतो, आतला माल घनफळाप्रमाणे. म्हणून इथिलीनसारखी मूळ रसायने अवाढव्य प्रकल्पांतच परवडतात आणि ते प्रकल्प नागोठणे, हजिरा, जामनगर अशा वायू किंवा बंदर जवळ असलेल्या ठिकाणी बसले. कोल्हापूरच्या वाट्याला साखळीचे खालचे टोक आले. याला एकच मोठा अपवाद आहे, मळीचा, म्हणजे साखर काढून झाल्यावर उरणाऱ्या दाट द्रवाचा.

मळी आणि अल्कोहोल

एक टन ऊस गाळला की कोल्हापूर भागात साधारण १२० किलो साखर निघते. उसातून साखर निघण्याचे हे प्रमाण, म्हणजे उतारा, राज्यात चांगल्यांपैकी आहे. सोबत पावणेतीनशे-तीनशे किलो ओला बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, आणि सुमारे ४० किलो मळी, म्हणजे मोलॅसिस, उरते. एक टन मळीतून सव्वादोनशे लिटरच्या आसपास अल्कोहोल मिळते. म्हणजे टनभर उसामागे नऊ लिटर. २०२४-२५ च्या हंगामात शेवटच्या, म्हणजे ‘सी-हेवी’ मळीपासूनच्या इथेनॉलला केंद्राने लिटरला ५७.९७ रुपये दर ठरवला. या हिशेबाने टनामागे पाचशे रुपयांच्या वर ढोबळ उत्पन्न होते. त्याच वर्षीची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३४० रुपये होती. १२ टक्के उताऱ्याला, तोडणी-वाहतूक वजा करण्यापूर्वी, ती टनाला चार हजारांच्या घरात जाते.

हे आकडे शेजारी ठेवले की साखर कारखानदारीची गोची कळते. कच्च्या मालाचा किमान दर कायद्याने ठरतो, तो १४ दिवसांत द्यावा लागतो, आणि त्याच्या वर किती द्यायचे हे शेतकरी संघटनेच्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेनंतर रस्त्यावरच्या आंदोलनात ठरते. इथेनॉलचा दर दिल्लीत ठरतो. मग व्यवस्थापनाच्या हातात राहते ते एवढेच : उरलेल्या पदार्थातून किती पिळून काढायचे. वारणानगर असो की कागल, साखर कारखान्याच्या आवारात आज डिस्टिलरी आणि बगॅस जाळून होणारी सहवीजनिर्मिती दिसते, ती याच कारणाने.

मळीचा भाव पूर्वी बाजारात ठरतच नव्हता. १९६१ च्या नियंत्रण आदेशाने तो बांधलेला होता आणि साखर कारखान्याला ती जवळजवळ अडगळच वाटे. या स्वस्त मळीच्या जोरावर देशात अल्कोहोलवर आधारलेले आख्खे रसायनशास्त्र उभे राहिले. बंगालमधील रिश्रा येथे १९५९ मध्ये अल्कोहोलपासून इथिलीन आणि त्यापासून पॉलिथिलीन बनू लागले. बरेलीला अल्कोहोलपासून कृत्रिम रबर झाले. १० जून १९९३ रोजी मळीवरील केंद्रीय नियंत्रण उठले. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच झाले, पण या रसायनांचा पाया तेथेच खचला.

तो का खचला हे साध्या वजाबाकीतून दिसते. अल्कोहोलच्या वजनाच्या ४६ भागांतून पाण्याचे १८ भाग निघून जातात आणि इथिलीनचे २८ उरतात. एक टन इथिलीनला, काहीही वाया गेले नाही असे धरले तरी, १.६४ टन अल्कोहोल लागते. लिटरमध्ये दोन हजारांहून जास्त. वर दिलेल्या इथेनॉल दराने केवळ कच्चा माल सव्वा लाख रुपयांच्या आसपास जातो. नेहमीच्या वर्षांत खनिज तेल-वायूतून मिळणाऱ्या नॅफ्था किंवा इथेनपासूनचे तयार इथिलीन जागतिक बाजारात याहून बरेच स्वस्त मिळते. ज्या रसायनात अल्कोहोलमधला ऑक्सिजन वाया न जाता टिकून राहतो, तेथे मात्र अल्कोहोलचा निभाव लागतो. रंग, शाई आणि औषधधंद्यात खपणारे इथाइल ॲसिटेट हे त्याचे ठळक उदाहरण. ॲसिटिक आम्लात तोही फायदा पुरा पडला नाही, कारण मिथेनॉल आणि कार्बन मोनॉक्साइडपासून ते अधिक स्वस्त पडते.

आता अल्कोहोलला सर्वांत मोठे गिऱ्हाईक पेट्रोल आहे. १० टक्के मिश्रण जून २०२२ मध्ये गाठले गेले आणि २० टक्क्यांचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर आणले गेले. हमखास खरेदीमुळे डिस्टिलऱ्यांना कर्ज द्यायला बँका पुढे आल्या. पण सरकारच खरेदीचा दर ठरवणार आणि साखरेचा बाजारही तेच सांभाळणार, यातला धोका डिसेंबर २०२३ मध्ये दिसला. साखर कमी पडेल या भीतीने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर ऐन हंगामात बंदी आली. पुढे मर्यादित सवलत मिळाली, निर्बंध ऑगस्ट २०२४ मध्ये उठले. तोवर ज्यांनी कर्ज काढून क्षमता वाढवली होती त्यांचे व्याज चालूच राहिले. करांच्या बाजूलाही बदल आहे : औद्योगिक अल्कोहोलवर नियंत्रणाचा अधिकार राज्यांना आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २३ ऑक्टोबर २०२४ रोजी आठ विरुद्ध एक मताने दिला आणि १९९० चा आपलाच निकाल बदलला.

किण्वनात, म्हणजे मळी आंबवताना, जेवढे अल्कोहोल होते, जवळजवळ तेवढ्याच वजनाचा कार्बन डायऑक्साइड निघतो. पकडून, धुऊन, दाबाखाली द्रवरूप केला तर तो शीतपेयांना आणि फौंड्रीला विकता येतो. नाहीतर हवेत जातो. दुसरा अवशेष अधिक कटकटीचा. लिटरभर अल्कोहोलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. तपकिरी, आंबूस वासाचे हे पाणी नदीत गेले की पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. पंचगंगेच्या काठावर, विशेषतः शिरोळ तालुक्यात, हा विषय दर उन्हाळ्यात निघतो. मात्र नदीच्या प्रदूषणात शहरांचे सांडपाणी आणि कापड प्रक्रियेचे पाणीही आहे, सगळे खापर डिस्टिलरीवर फोडता येत नाही. आता स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळतात. त्याच्या राखेत पोटॅश असते आणि भारत पोटॅश जवळपास सगळे आयात करतो. म्हणून ही राख खत म्हणून विकली जाते, जाळण्याच्या खर्चातला थोडा वाटा सुटतो.

वायू

ऑक्सिजनचा कच्चा माल फुकट आहे. हवा थंड करत द्रवरूप करायची आणि उकळबिंदूंच्या फरकाने वेगळी करायची : नायट्रोजन उणे १९६, आर्गॉन उणे १८६, ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअस. चालवण्याचा खर्च मुख्यतः विजेचा. मोठे प्रकल्प, मोठे गिऱ्हाईक तेथेच असल्याने, पोलाद कारखान्यांच्या कुशीत असतात. तेथून निघालेला द्रव ऑक्सिजन टँकरने येतो, तो स्थानिक बाटलीभरणी केंद्रावर उतरतो आणि सिलिंडरमध्ये वायू म्हणून भरला जातो.

खरा पैसा या शेवटच्या टप्प्यात जातो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपच्या दारात टेम्पोतून जुन्या टायरवर उतरवले जाणारे काळे सिलिंडर पाहावेत. एकात साधारण सात घनमीटर, म्हणजे सव्वानऊ किलोच्या आसपास वायू असतो. सिलिंडरचे लोखंड त्याच्या पाच-सहा पट भारी. रिकामे सिलिंडर परत न्यायचे तेव्हाही तेवढेच लोखंड वाहायचे. त्यात भर म्हणजे तळाचा वायू. दाब एका पातळीखाली गेला की कटिंगला जोर लागत नाही, गिऱ्हाईक सिलिंडर बदलतो आणि पैसे दिलेला थोडा वायू परत भरणी केंद्रावर जातो. शिवाय अनामत, जास्त दिवस ठेवल्यास भाडे, आणि दर पाच वर्षांनी दाबचाचणी. म्हणून सिलिंडरचा ऑक्सिजन फार लांब जाऊ शकत नाही. ज्याचा खप वाढतो तो द्रवाची टाकी बसवतो.

फौंड्रीत वायूचे गिऱ्हाईक अनेक जागी आहे. ऑक्सिजन लागतो तो मुख्यतः भंगार कापायला : इंडक्शन भट्टीत मावेल एवढ्या मापाचे तुकडे करावे लागतात. कास्टिंगला चिकटून राहिलेला जादा धातूचा खांब, म्हणजे रायझर, बिडाचा असेल तर हातोड्याने तुटतो, पोलादी कास्टिंगचा मात्र गॅसनेच कापावा लागतो. कास्टिंगमध्ये पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्यासाठी, म्हणजे कोअरसाठी, वाळूत सोडियम सिलिकेट मिसळून त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडला की ती काही सेकंदांत घट्ट होते. ॲसिटिलीन कॅल्शियम कार्बाइडपासून बनते आणि कार्बाइड चुना व कोकपासून विजेच्या भट्टीत. टनाला तीन हजार युनिटांच्या आसपास वीज खाणारा हा माल. कटिंगला म्हणूनच पुष्कळ ठिकाणी स्वस्त एलपीजी आला. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत केंद्राने मोजके उद्योग वगळून सगळा औद्योगिक ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवला, तेव्हा भट्टी आणि वीज असूनही कटिंगची कामे अडली.

रेझिन आणि बगॅस

या जिल्ह्याच्या हिशेबातली सर्वांत खटकणारी नोंद येथे आहे. मोठ्या साच्यांसाठी वाळू बांधायला फ्युरान रेझिन वापरतात. त्याचा मूळ घटक फर्फ्युरिल अल्कोहोल फर्फ्युरलपासून होतो आणि फर्फ्युरल मिळते मक्याच्या कणसांच्या बुरकुंडांतून किंवा उसाच्या बगॅसमधून. जगातला बराचसा माल चीनमध्ये, मक्यापासून होतो. बगॅसपासून तो बनवता येतो हे दक्षिण आफ्रिका आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या साखर कारखान्यांनी दाखवले आहे. कोल्हापुरात बगॅसचे डोंगर आणि शेजारी रेझिनचे गिऱ्हाईक, तरी बगॅस बॉयलरमध्ये जातो.

यात मूर्खपणा शोधू नये. बगॅसला वीज आणि वाफ हा तयार, रोजचा मोबदला आहे. फर्फ्युरलला भरपूर वाफ लागते, आम्लयुक्त सांडपाणी निघते आणि हंगाम पाच महिन्यांचा. वर्षभर संयंत्र चालवायचे तर ओला बगॅस साठवावा लागतो, तो कुजतो आणि पेटतोही. तरीही फर्फ्युरल काढून उरलेला चोथा बॉयलरला चालतो, ही गोष्ट या चर्चेत सहसा विसरली जाते.

कॉस्टिक आणि दाणा

इचलकरंजीच्या प्रोसेसला, म्हणजे कापडावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यांना, कॉस्टिक सोडा लागतो. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की एक टन कॉस्टिकसोबत सुमारे ०.८९ टन क्लोरीन निघतोच. एक हवा आणि दुसरा नको, असे करता येत नाही. क्लोरीन मोठ्या प्रमाणात, फार दिवस साठवून ठेवता येत नाही. त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही तर संयंत्र मंदावते आणि कॉस्टिक महागतो. क्लोरीनची मागणी जोरात असली तर कॉस्टिक मुबलक होतो. पाइप ज्या प्लास्टिकचे बनतात त्या पीव्हीसीत वजनाने ५७ टक्के क्लोरीन असतो. त्यामुळे पाइपांचा बाजार तेजीत असताना इचलकरंजीतल्या कापडाचा प्रक्रियाखर्च उतरू शकतो, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे.

प्लास्टिकबाबत सांगण्यासारखे थोडेच आहे. ठिबकच्या नळ्या, पाइप, डबे, गाड्यांचे सुटे भाग बनवणारे येथे आहेत, पण दाणा, म्हणजे प्लास्टिकचा कच्चा माल, बाहेरून येतो आणि त्याचा भाव मोठ्या उत्पादकांच्या दरपत्रकाप्रमाणे, कधी महिन्यात दोनदाही बदलतो. मोल्डरने पाइपचा दर तीन महिन्यांसाठी कबूल केलेला असतो आणि दाण्याचा दर पंधरा दिवसांचा. हा फरक अंगावर न घेण्यासाठी काही जण पुनर्प्रक्रियेचा दाणा मिसळतात. भिंतीची जाडी आणि रंग पाहून जाणकार शेतकरी असा पाइप ओळखतो आणि वाकवून बघितल्याशिवाय पैसे देत नाही.