पूर ओसरल्यानंतरची विहीर

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले, त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे दगडी धरणही टिकले नाही आणि मुठेचे पाणी पुण्यात शिरले. पाणी उतरल्यावर निराळेच संकट उभे राहिले. शहराची तहान भागवणारा खडकवासल्याचा जलाशयच रिकामा झाल्याने पुरात बुडालेल्या पुण्याला जुन्या विहिरी आणि हौदांचा आधार घ्यावा लागला.

सप्टेंबर 2025 मध्ये सोलापूर जिल्ह्यात सीना नदीला महापूर आला तेव्हा धरण फुटले नव्हते, तरी माढा, मोहोळ भागांतल्या काठच्या विहिरी गाळाने भरल्या. अशा विहिरीचे पाणी बादलीत काढून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी वाळू बसलेली दिसते, पण वरचे पाणी मातकटच राहते. आपल्या काळ्या मातीतले चिकणकण दोन मायक्रॉनहूनही बारीक असतात आणि त्यांच्यावर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर लोटत तरंगत राहतात. तुरटी फिरवली की हा भार निवळतो, कणांचे कापसासारखे पुंजके बनतात आणि हळूहळू खाली बसतात.

हे आधी केल्याशिवाय टीसीएल, म्हणजे जंतुनाशक ब्लीचिंग पावडर, टाकण्यात फारसा अर्थ नाही, कारण गाळातले सेंद्रिय पदार्थ क्लोरीन खाऊन टाकतात आणि कणांच्या आडोशाला जंतू सुरक्षित राहतात. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर धरतात. म्हणजे तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर सुमारे 28 हजार लिटरला 70 ग्रॅम. पुरानंतर मात्र हा हिशेब अपुरा पडतो. गाळ उपसतानाही घाई नको, कारण भोवतालची जमीन पाण्याने फुगलेली असताना विहीर एकदम रिकामी केली तर बाहेरच्या दाबाने बांधकाम ढासळू शकते.

माझ्या मते या दिवसांत ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाइतके मोलाचे काम दुसऱ्या कोणाचे नसते. पावडर टाकल्यावर तासाभराने तो नळीत पाणी घेऊन ओटीचे (ऑर्थोटोलिडीन या क्लोरीन ओळखणाऱ्या रसायनाचे) थेंब टाकतो. पिवळा रंग उमटला, तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आलाच नाही, तर टाकलेला सगळा क्लोरीन घाणीवरच खर्ची पडला आहे आणि मात्रा वाढवायला हवी. ही तपासणी पूर ओसरल्यावरही रोज करावी लागते, कारण काठच्या मातीत मुरलेले दूषित पाणी पुढे कितीतरी दिवस झऱ्यांवाटे विहिरीत पाझरत राहते.