आमवाताच्या रक्तचाचण्या आणि २०१०चे निकष: पार्श्वभूमी

आमवाताच्या (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या) रुग्णांच्या रक्तात काहीतरी वेगळे असते, याचा पहिला ठोस पुरावा मेंढीच्या रक्तपेशींनी दिला. सशाचे प्रतिपिंड (अँटिबॉडी) चिकटवलेल्या या पेशी रुग्णाच्या रक्तद्रवात एकमेकींना चिकटून गोळा होतात, असे नॉर्वेतल्या एका संशोधकाने १९४० मध्ये लिहिले. १९४८ मध्ये अमेरिकेतही तेच दिसले. १९५६ मध्ये मेंढीच्या पेशींची जागा लॅटेक्सच्या कणांनी घेतली आणि पेशी गोळा करणारे रुग्णाच्या रक्तातले हे प्रतिपिंड, म्हणजेच आरए फॅक्टर, साध्या प्रयोगशाळेतही तपासता येऊ लागला.

पण तो आमवातापुरता नव्हता. क्षय, कुष्ठरोग, हिपॅटायटिस सी, शोग्रेन (डोळे आणि तोंड कोरडे पाडणारा आजार), इतकेच काय, धडधाकट म्हाताऱ्या माणसांतही तो सापडतो. उलट आमवाताच्या बऱ्याच रुग्णांत तो नसतोच. म्हणूनच कोणाला आमवाताचा रुग्ण धरायचे हे ठरवणाऱ्या १९८७च्या निकषांत सातांपैकी एकच मुद्दा आरए फॅक्टरचा होता. बाकी भर सुजलेले सांधे, सकाळचा ताठरपणा, गाठी आणि एक्स-रे यांवर होता.

पुढे सिट्रुलिनचे महत्त्व कळले. १९६४ पासून माहीत असलेले काही प्रतिपिंड नेमके कशावर हल्ला करतात, हे १९९८च्या सुमारास उलगडले: प्रथिनातले आर्जिनिन बदलून सिट्रुलिन झाले की या रुग्णांचे शरीर ते परके मानते. त्यातून हे प्रतिपिंड शोधणारी अँटी-सीसीपी चाचणी आली. आरए फॅक्टरपेक्षा ती कितीतरी नेमकी. साठवलेल्या रक्तात हे प्रतिपिंड सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीच आढळले, तेव्हा हाडे झिजण्यापूर्वी औषध सुरू करण्याची आशा बळावली. ही आशा अगदी योग्य होती.

२०१०चे निकष तिच्यातूनच आले. दहापैकी सहा गुण मिळाले की आमवात. सांध्यांना जास्तीत जास्त पाच गुण, रक्तातल्या प्रतिपिंडांना तीन, सूज दाखवणाऱ्या ईएसआर-सीआरपीला एक, सहा आठवडे त्रास असल्यास एक. वाद प्रतिपिंडांच्या तीन गुणांचा आहे. पहिला आक्षेप असा की त्यांच्यामुळे चाचण्या निगेटिव्ह आलेले रुग्ण मागे पडतात. हाताचे तीनच लहान सांधे धरलेल्या, आरए फॅक्टर किंचित वाढलेल्या, सीआरपी वाढलेल्या आणि दोन महिने त्रास असलेल्या बाईला २+२+१+१ असे सहा गुण मिळतात. आठ लहान सांधे सुजलेली, सीआरपी आणि काळ तोच, पण दोन्ही चाचण्या निगेटिव्ह असलेली बाई ३+१+१ अशी पाचावर अडते. एक्स-रेत आमवाताची ठरावीक झीज दिसली तर ती गुणांशिवायही आत येते. पण झीज होऊ नये म्हणूनच तर हा खटाटोप होता! दहापेक्षा जास्त सांधे दुखावल्याशिवाय निगेटिव्ह रुग्णाला सहा गाठता येत नाहीत.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. बहुतांशी आमवातातच दिसणारी अँटी-सीसीपी आणि इतक्या आजारांत दिसणारा आरए फॅक्टर यांना एकाच तराजूत तोलले गेले. दोन्हींना सारखेच गुण: थोडी वाढ असेल तर दोन, सामान्य मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल तर तीन.

हे निकष संशोधनासाठी रुग्णांची वर्गवारी करायला आहेत, निदानासाठी नाहीत, असा खुलासा केला जातो. प्रत्यक्षात रिपोर्टवरचा 'निगेटिव्ह' शब्द पाहूनच अनेकांना परत पाठवले जाते. नंतर नॉर्वेतल्याच एका अभ्यासात निगेटिव्ह रुग्णांची सोनोग्राफी केली, तेव्हा उपचार सुरू होण्याच्या टप्प्यावर त्यांच्या सांध्यांतली सूज पॉझिटिव्ह रुग्णांपेक्षा जास्त निघाली.