ब्युरो (फ्रेंच नाम)

ब्युरो हे फ्रेंच भाषेतील पुल्लिंगी नाम आहे. आज त्याचे अर्थ मेज, खोली, कचेरी, सरकारी खाते, पदाधिकारी मंडळ असे अनेक असले, तरी मुळात ते कापडाचे नाव. ‘ब्यूर’ म्हणजे आपल्या घोंगडीसारखे जाडेभरडे लोकरी कापड. ख्रिस्ती साधूंचे झगे त्याचेच असत आणि हिशेबाच्या मेजावरही तेच अंथरत. कापडाचे नाव मेजाला लागले, मेजाचे खोलीला, खोलीचे तिथल्या कारभाराला, आणि पुढे कारभार पाहणाऱ्या माणसांना. लक्षणेचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. कापडाचा अर्थ काळाच्या ओघात गेला. बाकीचे सगळे आजही नांदतात.

मेज या अर्थाचा सर्वांत देखणा नमुना व्हर्सायच्या राजवाड्यात आहे. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याचे हे मेज ओबेन या लाकूडकाम करणाऱ्या कारागिराने 1760 मध्ये करायला घेतले आणि रीझनेर या दुसऱ्या कारागिराने 1769 मध्ये पुरे केले. किल्ली एकदा फिरवली की वरचे गोल झाकण आणि सगळे खण एकदम उघडतात.

इतके अर्थ असूनही बोलताना घोटाळा होत नाही, कारण शब्दयोगी अव्यय अर्थ ठरवते. ‘स्युर ल ब्युरो’ म्हणजे मेजावर, ‘दां ल ब्युरो’ म्हणजे खोलीत, ‘ओ ब्युरो’ म्हणजे कामावर, ऑफिसात. जोडशब्दही पुष्कळ: टपाल कचेरी, मतदान केंद्र, तंबाखूचे दुकान, सगळीकडे ब्युरोच. फ्रेंच राष्ट्रीय सभेचे 22 सदस्यांचे संचालक मंडळ हाही ब्युरो, आणि संगणकाचा डेस्कटॉपसुद्धा.

अठराव्या शतकात या शब्दाला सत्तावाचक ग्रीक प्रत्यय जोडून ‘ब्युरोक्रासी’ हा शब्द घडला. त्याचे श्रेय व्हँसां द गुर्ने (1712–1759) या व्यापारखात्यातील अधिकाऱ्याला देतात. मराठीने त्याला ‘नोकरशाही’ म्हटले. फ्रेंच शब्दात राज्य मेजाचे आहे, मराठीत नोकराचे. मला फ्रेंच कल्पना अधिक नेमकी वाटते, कारण माणसे बदलतात, मेज तिथेच राहते.

मराठीत ब्युरो इंग्रजीमार्फत आला आणि वृत्तपत्रांचे ब्युरो, विवाह ब्युरो असा रुळला. पण त्याचा खरा सोबती आपल्याकडे आधीपासून आहे, तो म्हणजे दप्तर. ग्रीकमध्ये कातडे, फारसीत हिशेबाची वही आणि कचेरी, पेशवाईत रुमालांत बांधलेले कागद, आणि आता शाळेत जाणाऱ्या मुलाच्या पाठीवरची पिशवी.