गुरू ग्रंथसाहिब आणि दशम ग्रंथ: नांदेडला होणारी गफलत

गुरू ग्रंथसाहिब गुरू गोविंदसिंगांनी लिहिला, असं आपल्याकडे पुष्कळांना वाटतं. 1708 मध्ये नांदेडला गोदाकाठी त्यांनी देह ठेवला, त्याआधी गुरुगद्दी ग्रंथाकडे सोपवली. मग ग्रंथही त्यांचाच असणार, असा सरळ हिशेब. प्रत्यक्षात त्यात वाणी आहे ती पहिल्या पाच गुरूंची आणि नवव्या तेगबहादुरांची. दहाव्या गुरूंनी, म्हणजे गोविंदसिंगांनी, आपल्या रचना त्यात घातल्या नाहीत, असंच सर्वसाधारणपणे मानतात. त्यांच्या नावावरच्या रचना दशम ग्रंथात आहेत.

ग्रंथसाहिब सिद्ध केला पाचव्या गुरू अर्जनदेवांनी. लेखनिक भाई गुरदास. 1604 साली तो अमृतसरच्या हरमंदिरात ठेवला गेला. वडिलांची, म्हणजे तेगबहादुरांची वाणी गोविंदसिंगांनी पुढे जोडली. छापील प्रतीची पानं 1430, त्यांना ‘अंग’ म्हणतात. आरंभी नानकांचा मूलमंत्र: देव एकच, निर्भय, निर्वैर, जन्माला न येणारा. पुढची मांडणी बहुतांशी रागवार. कुणाची पदं घ्यायची हे ठरवताना जात किंवा धर्म आड आलेला नाही. कबीर आहेत, रविदास आहेत, शेख फरीद आहेत, आणि आपले नामदेव तर 61 पदांनिशी. आसा रागात ते म्हणतात, ‘ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु संसारु नही’. इथे विठ्ठल, तिथे विठ्ठल! शीख हे नाव निराकाराचंच समजतात, पण पंढरीची हाक त्यात ऐकू येतेच.

दशम ग्रंथाची प्रकृती वेगळी. जापसाहिब आणि अकाल उस्ततीत ईश्वरस्तुती, बचित्र नाटकात आत्मकथन, चंडीची युद्धवर्णनं, औरंगजेबाला फारसीत सुनावणारा जफरनामा. बाकी भाषा मुख्यतः ब्रज, लिपी गुरुमुखी. संकलन गुरूंच्या पश्चात झालं. परंपरा भाई मणिसिंगांचं नाव घेते. यातलं गुरूंचं स्वतःचं किती, हा वाद जुना आहे आणि तो मुख्यतः अवतारकथा व स्त्रीचरित्रांच्या गोष्टींवरून पेटतो. तरी सगळा ग्रंथ बाजूला सारणं सोपं नाही. खालसाची दीक्षा देताना लोखंडी वाडग्यातल्या पाण्यात खंडा (दुधारी तलवार) फिरवत पाच वाण्या म्हणतात. त्यांतल्या जपजी आणि आनंद ग्रंथसाहिबातल्या. जाप, सवैये आणि चौपाई दशम ग्रंथातल्या. (जपजी नानकांचा, जाप गोविंदसिंगांचा. इथेही अनेकांची गल्लत होते.) रोजच्या अरदासीची (प्रार्थनेची) सुरुवातसुद्धा दशम ग्रंथातल्या चंडीच्या वारेतली, म्हणजे वीरगीतातली.

खरा फरक दर्जाचा. गोविंदसिंगांनंतर देहधारी गुरू नाही. गुरू म्हणजे ग्रंथसाहिब. म्हणून त्याला पहाटे ‘प्रकाश’ (विधिपूर्वक उघडणं), रात्री ‘सुखासन’ (मिटून विश्रांतीला ठेवणं), वर चांदवा (छत), बाजूला चवरी ढाळणारा सेवेकरी. ग्रंथ उघडला की डाव्या पानावर वरती जो शबद (पद) येईल तो हुकुमनामा, गुरूची आज्ञा. त्याच्या बरोबरीने दुसरा ग्रंथ मांडू नये, असं शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीची 1945 ची रहत मर्यादा, म्हणजे शिखांची आचारसंहिता, सांगते.

नांदेडच्या सचखंड गुरुद्वारात आणि पाटण्याच्या तख्तावर (धर्मपीठात) मात्र दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो. ही तिथली जुनी रीत. त्यामुळे एकाच ग्रंथापुढे माथा टेकायची सवय असलेला पंजाबी यात्रेकरूही इथे क्षणभर बुचकळ्यात पडू शकतो. गुरुपद मात्र इथेही ग्रंथसाहिबाचंच.