क्रेडिट कार्डांची थकबाकी एका कर्जात वळवावी का? कमी पगार असेल तर पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

जळगावच्या चटई कारखान्यात, धुळ्याच्या एमआयडीसीत किंवा भुसावळच्या एखाद्या शोरूममध्ये १५-२० हजारांवर काम करणाऱ्याच्या खिशातही आता दोन-दोन क्रेडिट कार्डं निघतात. एक पगाराच्या खात्यासोबत आलेलं, दुसरं मोबाईल हप्त्यावर घेताना दुकानदाराने गळ्यात मारलेलं. मग दवाखाना होतो, बहिणीचं लग्न होतं आणि दर महिन्याला नुसती ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान भरायची रक्कम, भरणं सुरू होतं. अशात फायनान्स कंपनीचा फोन येतो: सगळी कार्डं एका पर्सनल लोनमध्ये टाका, हप्ता निम्मा होईल. काय करानं आते?

आधी कागद-पेन घ्या. समजा हातात पगार १९,००० पडतो. एका कार्डावर ४८,००० बाकी, व्याज महिन्याला साडेतीन टक्के. दुसऱ्यावर २७,०००, व्याज पावणेचार टक्के. दोन्हींचं महिन्याचं व्याज झालं सुमारे २,६९० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३,१८० च्या आसपास. पाच टक्क्यांनी मिनिमम भरली तर ३,७५० जातात आणि मुद्दल फिटते जेमतेम ५७० रुपये. बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराण्याच्या पिशवीवर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं.

हीच ७५,००० ची बाकी वार्षिक २० टक्क्यांच्या पर्सनल लोनमध्ये २४ महिन्यांसाठी वळवली, तर हप्ता सुमारे ३,८२० आणि एकूण व्याज १६,६०० च्या घरात. कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या व्याजावर असतो. हा फरक फोनवर कुणी सांगत नाही. तेच ३,८२० रुपये दर महिन्याला कार्डांवरच भरत राहिलात तर फिटायला साडेतीन वर्षं लागतील. म्हणजे वळवण्यात फायदा आहे. पण फोनवाला ज्या ‘कमी हप्त्या’बद्दल बोलतो तो ४८ महिन्यांचा असतो: हप्ता २,२८० आणि व्याज ३४,५००. त्यामुळे हप्ता किती बसतो हे विचारण्याआधी किती महिने ते विचारा. झेपेल तेवढी कमी मुदत घ्या.

कर्ज मिळेल का

बऱ्याच खासगी बँका महिन्याला किमान १५ ते २५ हजार हातात येणारा पगार बघतात आणि तो खात्यात जमा होणारा हवा. रोखीने पगार घेणाऱ्याची इथेच अडचण होते. दुसरं, सगळे हप्ते मिळून पगाराच्या साधारण निम्म्याच्या आत बसावे लागतात. वरच्या उदाहरणात गाडीचा २,६०० चा हप्ता धरला तरी ६,४२० होतात, म्हणजे बसतं. मात्र अर्जात कार्डं बंद करण्यासाठीच कर्ज हवं असं स्पष्ट लिहा, नाहीतर कार्डांची मिनिमम ड्यूही तुमच्या बोज्यात मोजली जाते.

तिसरं म्हणजे क्रेडिट स्कोअर, आधीची कर्जं-कार्डं कशी फेडली यावरून मिळणारे गुण. तो ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. अर्जाच्या आधी तो काढा. तीन ठिकाणी एकदम अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशीची नोंद होते आणि स्कोअर घसरतो. पगाराचं खातं असलेल्या बँकेत आधी विचारा. स्कोअर पडलेला असेल तर ३० टक्क्यांच्या वरच्या दराने कर्ज देणारे भेटतात. तेवढा दरही कार्डापेक्षा कमीच, कारण कार्डाचं व्याज जीएसटी धरून वर्षाला ५० टक्क्यांच्या आसपास जातं, पण फायदा बराच घटतो. प्रोसेसिंग फी धरून हिशोब करा, मगच ठरवा.

कागदपत्रं

पॅन, आधार, लाईट बिल किंवा भाडेकरार, तीन महिन्यांच्या पगारपावत्या, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, असेल तर फॉर्म १६. छोट्या धंदेवाल्याला दोन वर्षांचं आयकर विवरणपत्र आणि उद्यम नोंदणी विचारतात. यात बहुतेक जण विसरतात ती गोष्ट म्हणजे प्रत्येक कार्डाचं ताजं स्टेटमेंट आणि बँकेकडून ‘आजच्या तारखेला पूर्ण बंद करायला किती’ हा आकडा. कार्डावर मोबाईल-टीव्ही हप्त्यावर घेतलेला असेल तर त्याची राहिलेली मुद्दल आणि मुदतीआधी बंद करण्याची फी वेगळी निघते.

शेती असलेले लोक सातबारा घेऊन जातात. पर्सनल लोनसाठी जमिनीवर बोजा चढवायची गरज नाही, कुणी मागितला तर तिथून उठा. आणि किसान क्रेडिट कार्डाचं पीककर्ज काढून हे कार्ड फेडायचा मोह टाळा. ते पैसे केळी-कापसाच्या खर्चासाठी आहेत. वेळेवर न फेडल्यास व्याज सवलत जाते आणि पुढच्या हंगामाला हात रिकामे राहतात.

सोनं, पतपेढी आणि सावकार

सुवर्णनगरीच्या माणसाला पर्सनल लोनच्या आधी सोनं आठवतं आणि कमी पगारवाल्यासाठी तो पर्याय बऱ्याचदा बरा असतो. बँकांचा दर साधारण ९ ते १२ टक्के. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, आणि तेवढ्या रकमेसाठी उत्पन्नाची सविस्तर छाननी सक्तीची नाही. किंमत मात्र दागिन्याच्या बिलावरची नसते. खडे वजा, घडणावळ वजा. त्या शुद्धतेच्या सोन्याचा आदल्या दिवसाचा भाव आणि गेल्या ३० दिवसांची सरासरी यांत जो कमी तो धरतात. कर्ज फिटल्यावर सात कामाच्या दिवसांत दागिने परत न दिल्यास, चूक बँकेची असेल तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

धोका एकच आणि मोठा: मुद्दल-व्याज वर्षाअखेर एकदम भरायचं, अशा प्रकारात लोक निवांत राहतात आणि लिलावाची नोटीस घरी येते. दर महिन्याला हप्ता असलेलं सोनेतारण घ्या. दागिने बहुधा घरातल्या बाईचे असतात. तिला विचारल्याशिवाय पोटलीला हात लावू नका.

पतपेढीत आधी सभासद व्हावं लागतं आणि दोन जामीनदार लागतात. थकलं तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो आणि जामीनदाराच्या दारातही माणूस येतो. शेजारच्या कामगाराला यात ओढताना दोनदा विचार करा. खासगी सावकार परवानाधारकच हवा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली बिगरशेती कर्जाला तारण असेल तर १५ आणि नसेल तर १८ टक्के ही वर्षाची कमाल आहे. महिन्याला पाच टक्के मागणारा बेकायदा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची. ॲपवर कर्ज घेणार असाल तर मागे कोणती बँक किंवा फायनान्स कंपनी आहे ते बघा. आधी फी भरा, मग कर्ज, असं सांगणारा ठग असतो.

मंजुरी ते कार्ड बंद

सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते देणं बंधनकारक आहे. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, म्हणजे फी आणि बाकी खर्च धरून पडणारा वर्षाचा खरा दर. कार्डाशी तुलना त्याच्याशीच करायची. फी आधीच कापली जाते: ७५,००० वर दोन टक्के आणि जीएसटी म्हणजे १,७७० रुपये कमी हातात येतात. तेवढे वेगळे जमवून ठेवा. विमा जबरदस्तीने जोडला असेल तर काढायला सांगा.

पैसे आले की त्याच दिवशी कार्डांवर भरा, तेही शेवटच्या रुपयापर्यंत. तरी पुढच्या बिलात मागच्या दिवसांचं थोडं व्याज येतंच, तेही चुकवून टाका. मग लेखी बंद करण्याची विनंती. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बाकी शून्य असल्यास सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद झालं पाहिजे, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये द्यावे लागतात. दोन कार्डं चालू ठेवून कर्ज घेतलेल्यांची वर्षभरात तिन्ही ओझी एकदम डोक्यावर आलेली आम्ही बघतो. निदान एक तरी बंद करा.

हप्त्याच्या तारखेला खात्यात शिल्लक ठेवा. कार्ड थकणं हा तसा दिवाणी मामला, पण बँकेच्या ऑटो-डेबिटचा हप्ता शिल्लक नसल्याने परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली फौजदारी खटला होऊ शकतो. पगार ७ तारखेला होत असेल तर हप्ता १० ला मागून घ्या. मंजुरीच्या वेळी ऐकतात, नंतर नाही.

आधीच थकलं असेल तर

मिनिमम ड्यू देय तारखेपासून ९० दिवस थकली की खातं बुडीत धरलं जातं. मग नवं कर्ज मिळणं कठीण आणि बँक ‘सेटलमेंट’ देऊ करते. पैसे वाचतात, पण अहवालात ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो आणि पुढे घरकर्ज अडतं. तरीही नोकरी गेली असेल तर तोच मार्ग योग्य. फक्त रक्कम, तारीख आणि ‘पुढे काही बाकी नाही’ हे लेखी आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. बँकेकडे केलेल्या तक्रारीला ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, माहितीसाठी १४४४८.

कोर्टाची किंवा लोकअदालतीची नोटीस आली तर जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयात आहे. वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असेल तर वकील मोफत मिळतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना ही उत्पन्नाची अटही नाही. आधार, उत्पन्नाचा दाखला आणि नोटिशीची झेरॉक्स घेऊन जा, किंवा आधी १५१०० वर फोन करून विचारा.